खात्यात ५२ हजार, पण हातात किती?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, होटगी रोडला राहतो आणि घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं कॅड डिझाइनचं काम करतो. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च) महिना ५० हजार, हातात ४५ येतात. आता कंपनी म्हणते राजीनामा द्या आणि कन्सल्टंट म्हणून काम करा, ५८ हजार देऊ, १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा टॅक्स) कापून. म्हणजे ५२,२०० तर पडतीलच ना खात्यात? नोकरीला ४ वर्षं ४ महिने झालेत. पुढच्या वर्षी घरासाठी लोन पण काढायचंय. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : थांबा ओ, सही करू नका इतक्यात.

आधी ते ४५ हजार बघू. बेसिक २५ हजार धरलं तर ५० मधून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या पैशांचे) साधारण १,२०० आधीच बाजूला निघतात, मग तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशन टॅक्स २००, झाले ४५. पण पीएफचे ३,६०० कुठं गेले नाहीत, तुमच्याच नावावर आहेत (त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात). म्हणजे ग्रॅच्युइटी धरून नोकरीतून तुम्हाला जवळपास ५० हजारच मिळतात.

आता कॉन्ट्रॅक्ट. टीडीएसचं टेन्शन सोडा, २०२५-२६ साठी नव्या टॅक्स रिजिममध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य होतो, त्यामुळं दुसरी मोठी कमाई नसेल तर वर्षाचे कापलेले ६९,६०० रिटर्न भरल्यावर परत येतात, फक्त तोपर्यंत अडकून पडतात. जीएसटी पण २० लाखांच्या आत लागत नाही. म्हणून पूर्ण ५८ धरू, आणि खरी गळती त्याच्या पुढंच आहे.

सुट्टीचे पैसे मिळणार का ते विचारलंत का? नसतील तर तुमची गत आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या यंत्रमाग कामगारासारखी, माग बंद तर मजुरी बंद. महिन्याला २२ दिवस धरले तर दिवसाला २,६०० च्या वर पडतात, दिवाळी, गड्ड्याची यात्रा, घरातली लग्नं, आजारपण मिळून वर्षात २० सुट्ट्या झाल्या की ५२ हजार गेले, महिन्याला ४,४००. कंपनीचा मेडिक्लेम जाणार, आईवडिलांसकट स्वतःचा काढला तर महिन्याला ३ हजार तरी धरून चाला. लॅपटॉप, नेट, इन्व्हर्टरची बॅटरी असले २ हजार. प्रोफेशन टॅक्स तर स्वतः भरायचाच, वर्षाचे २,५००. राहिले ४८ च्या आसपास. कॅडचं लायसन्स पण तुमच्या गळ्यात मारलं तर विषयच संपला, त्याची किंमत तुम्हाला माहितीय.

लोनचं वेगळंच. नोकरदाराला बँक सॅलरी स्लिप बघून लोन देते, कन्सल्टंटला बहुतेक बँका दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात, म्हणजे पुढच्या वर्षीचं लोन अवघडच. आणि इन्कम टॅक्सच्या ४४एडीए कलमामध्ये निम्मीच कमाई उत्पन्न म्हणून दाखवायची असं मित्र सांगतील, पण निम्मी ही कमीत कमी मर्यादा आहे, खर्च जाऊन जास्त उरत असेल तर जास्तच दाखवायचं. तसंही १२ लाखांच्या आत टॅक्स नाही, मग साडेतीन लाख दाखवून बँकेत स्वतःची पत का कमी करायची?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ४ वर्षं ४ महिने! ५ वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, २५ हजार बेसिकवर ७२ हजारांच्या आसपास. आत्ता राजीनामा दिला तर त्यावर पाणी सोडावं लागेल, आणि ५ वर्षांच्या आत पीएफ काढला तर तो पण टॅक्समध्ये धरतात. आठ महिने काढा की. कंपनी घाई का करतीय ते मला तरी कळतंय.

तरीही जायचंच असेल तर ६८-७० च्या खाली बोलू नका, आणि काम बंद करायचं तर दोन महिन्यांची नोटीस, बिल किती दिवसांत निघणार, लायसन्स कोणाचं, हे सगळं कागदावर घ्या. फोनवरचं 'बघू ना सर' धरू नका.