नेट, पीएच.डी. आणि मिल्टनची सहावी ओळ

प्रश्न: इंग्रजीत एम. ए. झालं, ५८ टक्के. चॉसर ते एलियट नोट्स पाठ आहेत, तरी प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, नेट, दोनदा हुकली. कवितेचे, त्यातही कालक्रमाचे प्रश्न चुकतात. पीएच.डी.ला 'युगप्रवर्तक कवींचा इंग्रजी कवितेवरील प्रभाव' हा विषय घेऊ का?

उत्तर: असाच्या असा नको. समितीचा पहिलाच प्रश्न असेल, 'कुणाचा, कुणावर, नेमका कशात?' एक कवी, त्याची एक लकब आणि ती उचलणारा दुसरा कवी, एवढंच धर.

मिल्टनचं महाकाव्य 'पॅराडाइज लॉस्ट' (१६६७) उघड. पहिल्या वाक्याचं मुख्य क्रियापद 'सिंग' थेट सहाव्या ओळीत येतं. यमक नाही, आणि ओळ संपली तरी वाक्य संपत नाही. आता वर्ड्सवर्थची कविता 'टिंटर्न ॲबी' (१७९८) घे. भाषा बोलण्यातली, पण पहिली ओळ 'विथ द लेंग्थ'वर तुटते आणि 'ऑफ फाइव्ह लाँग विंटर्स' खालच्या ओळीत उतरतं. ही चाल मिल्टनची. नोट्समध्ये बंडखोर म्हणून भेटणारा वर्ड्सवर्थ इथे चक्क मिल्टनचा शिष्य निघतो! कीट्सला मात्र हेच जाचलं. मिल्टनसारखी उलटसुलट वाक्यरचना फार झाली, असं १८१९च्या पत्रात लिहून त्याने 'हायपीरियन' ही कविता सोडून दिली. प्रबंधाला जागा आहे ती अशा ठिकाणी.

रोज वीस ओळी मोठ्याने वाच. पेन्सिलीने आघात, म्हणजे उच्चारताना जोर येतो ती जागा, दाखव, वाक्य अर्धवट ठेवून ओळ तुटते तिथे बाण काढ. एका ओळीत ढोबळमानाने दहा अक्षरं (उच्चारातली), पाच आघात. मराठी जिभेला प्रत्येक अक्षर सारख्याच जोराने म्हणायची सवय असते, म्हणून छंद सापडत नाही. अडलं की शब्दकोशातलं आघाताचं चिन्ह बघ.

कालक्रम चुकतो, कारण लिहिल्याचं आणि छापल्याचं साल एकच धरलं जातं. वर्ड्सवर्थ आणि कोलरिजचं 'लिरिकल बॅलड्स' १७९८चं, पण गाजलेली प्रस्तावना १८००च्या आवृत्तीतली. वर्ड्सवर्थचं 'प्रील्यूड' १८०५मध्ये लिहून झालं होतं, छापलं १८५०मध्ये, कवी गेल्यावर. कवी हॉपकिन्स १८८९मध्ये वारला, संग्रह आला १९१८मध्ये. म्हणून व्हिक्टोरियन असूनही त्याचा प्रभाव विसाव्या शतकातल्या कवींवर दिसतो. वहीत दोन रकाने कर.

नेटच्या पेपर दोनमध्ये १०० प्रश्न, २०० गुण, चुकीला वजा गुण नाहीत. एकही कोरा सोडू नकोस. सेटचाही, म्हणजे राज्य पातळीवरच्या पात्रता परीक्षेचाही, अर्ज भर. ढाचा तोच, पात्रता महाराष्ट्र आणि गोव्यापुरती, पण फेलोशिप फक्त नेटमधून.