‘कशावरून रे?’ : वाचकांचे प्रश्न, भूगोलाच्या बाईंची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. शाळेनं ‘नागपूरचा झिरो माइल’ (शहरातला मैलांचे आकडे कोरलेला जुना स्तंभ) असा प्रकल्प दिला. त्यानं मोबाइलवर एआयला विचारून जेवणाआधीच चार पानं तयार केली. पहिलंच वाक्य : ‘झिरो माइल हे भारताचं भौगोलिक केंद्र आहे.’ ‘कशावरून रे?’ असं मी विचारलं, तर म्हणतो, ‘सगळीकडे तेच लिहिलंय.’ वहीवर शेरा मिळाला, ‘सुंदर’. स्वतः शोधायची, तपासून बघायची सवय या वयात लावता येते का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : येते. पण ताई, त्या पोट्ट्याला रागावू नका. विषयच असा दिलाय की उतरवून काढण्याशिवाय तो करणार काय? ‘झिरो माइल’ हे नुसतं नाव आहे, त्यात शोधायचं काय ते कोणी सांगितलंच नाही. मी शाळेत होते तेव्हा शीर्षकात प्रश्नचिन्ह नसेल तर वही परत द्यायचे. ‘झिरो माइल खरंच भारताच्या मध्यावर आहे का?’ असं लिहिलं की कामाला तोंड फुटतं.

तर चार पानं बाजूला ठेवा आणि ते पहिलं वाक्य तेवढं धरा. एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, मेट्रोनं झिरो माइल फ्रीडम पार्क स्टेशनला उतरा. तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांसोबतचे फोटो नंतर. आधी तिथं काय कोरलंय ते त्याला वाचू द्या. स्तंभावर गावांची नावं आहेत, मैलांचे आकडे आहेत. जवळच १९०७ सालची सर्वेक्षणाची खूण आहे, आणि तिच्यासाठी दिलेला आकडा आहे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा : १०२०.१७१ फूट. आता विचारा, उंची मोजायची खूण देशाच्या मध्यावरच हवी असं काही आहे का? उत्तर तुम्ही देऊ नका. घरी येईपर्यंत डोकं चालू द्या.

घरी आल्यावर भारताचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कडेनं कापायचा. कडेला एक भोक पाडून टाचणीवर सैल टांगायचा, त्याच टाचणीला वजन बांधलेला दोरा सोडायचा आणि दोऱ्याखाली रेघ ओढायची. मग दुसऱ्या भोकातून तसंच. दोन रेघा जिथं भेटतात तो पुठ्ठ्याचा मध्य. कापणं नीट झालं असेल तर तो नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात येतो. इथं मुलगा हिरमुसेल, नागपूरकर आहे शेवटी! पण खरी मजा यापुढे आहे. अंदमान-निकोबार धरलं नाही, त्याचं काय? १९०७ साली देशाची हद्द आजचीच होती का? ब्रह्मदेश तेव्हा कुठं होता? ‘मध्य’ काढायचा म्हणजे कशाचा काढायचा, इथपर्यंत सातवीतलं मूल सहज पोचतं. मी पाहिलंय.

तारखांचंही एक काम द्या. ही खूण इंग्रजांच्या काळात झालेल्या भारताच्या मोठ्या मोजणीतली. त्या मोजणीचं नाव निघालं की ती सुरू करणारा विल्यम लॅम्बटन येतो, आणि मुलं झिरो माइलचा दगडही त्याच्याच हातून बसवून मोकळी होतात. लॅम्बटननं काम सुरू केलं १८०२ मध्ये, मद्रासला. पुढे मोजणी उत्तरेकडे सरकत आली आणि १८२३ मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. १८२३ आणि १९०७ ही दोन सालं शेजारी मांडली की पुरे, मोठ्यांनी काही बोलायची गरज पडत नाही.

राहिलं ‘सगळीकडे तेच लिहिलंय’. दहा ठिकाणी वाक्य शब्दन् शब्द तेच सापडलं तर साक्षीदार दहा नाहीत, एकच आहे. बाकीच्यांनी उतरवून घेतलं. एआयवर बंदी मात्र घालू नका, मूल चोरून वापरेल. एआय म्हणजे पानठेल्यावरचा सर्वज्ञ. त्याच्याकडून पत्ता विचारावा, पण घर आपणच जाऊन बघावं.

प्रश्न : वर्गात साठ मुलं, पोर्शन संपता संपत नाही. हे सगळं शिकवायला वेळ कुठून आणू?
– एक शिक्षक, कामठी

उत्तर : सर, वेगळा तास मागूच नका, मिळणार नाही. आठवड्यातून एकदा हजेरीनंतरची दहा मिनिटं घ्या आणि फळ्यावर एकच बातमी लिहा. सुरुवातीला ही घ्या : ३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेलं. घाम पुसलेली मुलं पटकन ‘खरंय सर’ म्हणतील. मग विचारा, हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं होतं? शेजारच्या केंद्रांवरचा पारा किती होता? भारतातला विक्रम राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ मधला, ५१ अंश. जगातला अमेरिकेच्या डेथ व्हॅलीचा, १९१३ चा, ५६.७, आणि त्यावरही शंका घेतली जाते. एवढं फळ्यावर आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी ‘थर्मामीटर बिघडलं असेल’ म्हणतंच. हवामान विभागानंही तेच सांगितलं : स्वयंचलित केंद्रातला सेन्सर नादुरुस्त होता.

पण इथं थांबलात तर पोरं ‘सगळ्या बातम्या खोट्या’ एवढंच घेऊन घरी जातील, आणि असला शहाणपणा मला भाबडेपणापेक्षा वाईट वाटतो. ५६ चा आकडा कोणी मनानं रचला नव्हता, यंत्रानं तो खरंच दाखवला होता. खोटं बोलणं वेगळं, चुकणं वेगळं. आणि चूक पकडली गेली ती दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहिल्यामुळं, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या.

मार्कांचंही जमलं तर बदला. थर्माकोल, चमकी, रंगीत बॉर्डर यांना शून्य. ‘आधी मला असं वाटत होतं, आता असं वाटतं, कारण…’ असं ज्यानं लिहिलं, त्याला सगळ्यांत जास्त. पालक भांडायला येतील. चमकी बहुतेक त्यांनीच लावलेली असते.