गव्हाण रिकामी ठेव

प्रिय बाय,

दोन वर्षं लिस्बनहून यायच्या नागरिकत्वाच्या कागदांची वाट पाहून तू विटलीस, आणि वर चर्चमध्ये आणखी चार आठवडे वाट पाहायला सांगतात म्हणून चिडलीस. चिड खुशाल. पण या दोन्ही गोष्टी एका टोपलीत घालू नकोस. कागद येतील की नाही हे ठाऊक नसतं, म्हणून ते जीव कुरतडतात. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या या चार आठवड्यांत, येणारा येणारच असतो, आपण फक्त त्याची जागा राखायची. म्हणून एकच सांगतो, 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत नाताळाच्या गोठ्यातली गव्हाण रिकामी ठेव.

गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक नाताळाआधीच येतात, म्हणून तुमच्या वाड्यावर बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत आधीच ठेवतात, असं लिहिलंस. ठेवू नका. गुण गेले तर गेले. बाळ आधीच ठेवलं, की 24 ला करायला काही उरत नाही, आणि मग तूच विचारतेस, त्या रात्री काहीच का वाटत नाही?

उपासनेतही जागा अशीच राखलेली असते. 30 नोव्हेंबरच्या जवळचा रविवार आला, की फादरांची जांभळी वस्त्रं निघतात आणि रविवारच्या मिस्सेतला ग्लोरिया, म्हणजे देवाच्या स्तुतीचं गीत, थांबतो. सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त 3 डिसेंबरला, निष्कलंक मातेचं, म्हणजे मारियेचं, 8 ला, त्या दोन्ही दिवशी तो म्हणतात, मग पुन्हा गप्प. मध्यरात्रीच्या मिस्सेत घंटांबरोबर तो परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो, तो आधीच्या मौनामुळेच. 16 डिसेंबरपर्यंत भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो, जन्माची थेट तयारी 17 पासून. आणि मराठी वाचणारी तू, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, उघडून बघ. 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलेलं. त्यात पहिल्या पुराणाचे, म्हणजे पहिल्या भागाचे, 36 अवस्वर (अध्याय) संपले तरी जन्म झालेला नसतो!

हात रिकामे ठेव असं मात्र मी म्हणत नाही. गोठ्यातलं शेत नाचणीचं कर, हिरवा रंग दिलेला भुसा नको. नाचणी 13 च्या रात्री भिजत घाल, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांध. मोड दिसले, की पसरट ताटात दोन बोटं माती घालून त्यावर दाट पसर आणि वरून मातीचा पातळ थर दे. ताटाला भोकं हवीत, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. पाणी हातानेच शिंपड; तांब्याने ओतलंस तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. अंकुर वर आले, की ताट उजेडात आण. अंधारात ती लांबट, फिकी होते आणि मान टाकते. 1 तारखेला पेरायची घाई करशील तर 24 पर्यंत ती पिवळी पडून आडवी झालेली असेल. वाट पाहण्यालाही वेळ साधावी लागते, हे नाचणी माझ्याहून नीट शिकवते.

आगमनकाळाच्या डहाळ्यांच्या चक्रात मेणबत्त्या चार, दर रविवारी एक नवी पेटवायची: तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी. पहिली सगळ्यांत जास्त दिवस जळते, म्हणून बुटकी घेऊ नकोस, आणि रोज प्रार्थनेपुरतीच पेटव. सुरूच्या डहाळ्या आठवड्यात वाळतात आणि पटकन पेट घेतात. दर शनिवारी बदल, बूड ओल्या वाळूत ठेव.

रिकामी गव्हाण पाहून लोक विचारतील, विसरलात काय? विचारू देत. या हट्टापायी माझ्याकडून माणसं दुखावली, त्याची खंत आहे. हट्टाची नाही. जी जागा मी घाईने भरली, तिथे नंतर खरं काही ठेवायला वाव राहिला नाही, आणि हे फार उशिरा कळलं. तुला ते आत्ताच कळावं, म्हणून इतकं टोचून लिहितोय.

कागदांची चौकशी महिन्यातून एकदाच कर, ठरलेल्या दिवशी. रोज फोन उघडून बघणं म्हणजे पेरलेलं उकरून पाहणं.

नाचणीची चिमूटभर आधी ओल्या फडक्यात घालून तपास. जुनी असेल तर रुजत नाही. आणि बाळाची मूर्ती मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेव. किल्ली तुझ्याकडेच असू दे.