निसर्गाच्या फोटोला पेंटिंगचं रूप द्यायला कोणतं ॲप चांगलं? आणि सगळं ॲपच करत असेल, तर त्याला कला म्हणायचं का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि ओट्यावरचं आवरायचं तसंच टाकून लिहायला बसले. हेच वाक्य मी सात वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात चार लोकांसमोर ऐकलंय.

आमचे आण्णा फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचे. मागे धबधबा, कमान, बगीचा, तळ्यात दोन राजहंस. सरसात कालवलेले रंग आणि भिंतभर कापड. ब्लॅक अँड व्हाइट फोटोही रंगवून द्यायचे. काडीला कापूस गुंडाळून गालांवर इतका हलका गुलाबी चढवायचे की नवरीच्या आईलाही वाटावं, पोरगी खरंच लाजली होती. त्यांनी मला ब्रश कधी शिकवला नाही, बघायला शिकवलं. पन्हाळ्याच्या वाटेवर गाडी थांबवून म्हणायचे, "डोळं बारीक करून बघ. जे दिसायचं बंद हुतंय, ते काढायचं न्हाई." मी एका फोटो लॅबमध्ये अल्बम डिझाइन आणि कॅनव्हास प्रिंटचं काम करते, चौदा वर्षं झाली. रोज हेच वाक्य वापरते.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचा एक फोटो होता माझा. ऑगस्टमधली पहाट, पाऊस नुकताच थांबलेला, तळ्यातला दगडी संध्यामठ निम्मा पाण्यात. कडेला केंदाळ म्हणजे जलपर्णी, दोन बाटल्या, वरून गेलेली एक वायर. फोटो म्हणून बराच होता, पण त्या पहाटे मला जे दिसलं ते त्यात नव्हतं. आधी तुम्ही विचारताय तेच केलं. फोटोशॉपमध्ये फोटोला आपोआप तैलचित्राचं रूप देणारा ऑइल पेंट फिल्टर लावला, स्टायलायझेशन (फटकाऱ्यांची धाटणी) वाढवलं, शाइन (चमक) थोडी कमी केली. पाच मिनिटांत चित्र तयार! आणि बघते तर केंदाळाच्या प्रत्येक पानाला, मठाच्या दगडाला, आभाळातल्या नॉइजला म्हणजे बारीक दाण्यांना सारख्याच वळवळत्या रेघा. सगळीकडे गांडुळं सोडल्यासारखी. बाटलीसुद्धा तितक्याच प्रेमानं रंगवलेली.

यात फिल्टरचा दोष नाही. त्याला बाटली आणि मठ यांतला फरक कळत नाही. असे पेंटिंगसारखे परिणाम देणारा कुवाहारा नावाचा एक जुना फिल्टर आहे. तो १९७६ मध्ये हृदयाच्या तपासणीच्या प्रतिमा स्वच्छ करायला काढला होता. प्रत्येक पिक्सेलभोवतीचे चार चौकोन घ्यायचे, ज्यात रंगाची चढउतार सगळ्यात कमी त्याची सरासरी तिथे भरायची, एवढंच. त्यामुळे कडा टिकतात, मधलं सपाट होतं आणि आपल्याला ब्रशचे फटकारे वाटतात. मोजणी आहे ती. कुठे नजर थांबावी हे मोजून निघत नाही.

मग मी सतरा संध्याकाळी बसले. वायर, बाटल्या काढल्या. केंदाळाचे तीनच गठ्ठे ठेवले. फोटो धूसर करून गडद, मधला आणि उजळ अशा तीन भागांत बघितला, कारण त्या तीन भागांत चित्र उभं राहत नसेल तर पुढे ब्रश मारून उपयोग नाही. वर कोरा लेयर म्हणजे पारदर्शक थर घेतला, रंग एकमेकांत कालवणाऱ्या मिक्सर ब्रशला 'सॅम्पल ऑल लेयर्स' (खालच्या थरांतले रंगही उचल) चालू केलं आणि मोठ्या ब्रशनं सुरुवात केली. पाणी आडवं, झाडं खालून वर, आभाळ तिरकं. बारीक ब्रश फक्त मठाच्या खांबांना, बाकी कुठेही नाही.

सगळ्यात जास्त वेळ मठाच्या प्रतिबिंबानं खाल्ला. फोटोत ते नुसतं काळं होतं. झूम केल्यावर त्यात शेवाळी हिरवा आणि वरच्या दगडाचा तपकिरी सापडला. तो तपकिरी टॅबच्या पेननं हळूहळू खाली पाण्यात ओढला. एक फटकारा चुकून तिरका गेला आणि तिथे वारा आल्यासारखं वाटलं. तो तसाच ठेवला. ते चित्र माझं झालं असं मला त्या फटकाऱ्याला वाटलं.

प्रदर्शनात ते लागलं. दुसऱ्या दिवशी एक ज्येष्ठ चित्रकार आले, ज्यांची निसर्गचित्रं बघत मी मोठी झाले. म्हणाले, "हाताने केलंय?"

"पेननं केलंय सर, टॅबवर."

"म्हणजे फिल्टर."

"फिल्टर नाही ओ सर, सतरा दिवस बसलोय मी."

ते हसले. "अहो, सगळं कॉम्प्युटरच करतो. त्यात तुमचं काय?" तिसऱ्या दिवशी माझं चित्र भिंतीवरून काढून जिन्याखाली, चपला काढायच्या जागी टेकवून ठेवलेलं होतं. मला कुणी सांगितलंही नाही.

मला त्यांना तेव्हा बोलता आलं नाही, ते इथे बोलते. हे कोल्हापूर आहे. इथे चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेराही इथेच बनवला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे आणि आपण त्याला हार घालतो. ज्या गावानं ब्रश आणि यंत्र एकाच माणसाच्या हातात बघितलं, तिथे यंत्राला हात लागला की कला बाटते असं कसं म्हणता? इथलेच जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ तळ्याचा परिसर रंगवला. त्यांची चित्रं जवळून बघा, नुसते रंगाचे ठिपके दिसतात. मागे सरका, पाणी दिसतं. कुठे ठिपका द्यायचा नाही हे त्यांनी ठरवलेलं असतं. ते ठरवणं कॅनव्हाससमोर होतं की स्क्रीनसमोर, याचा फरक मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही.

ॲपचं विचारलंत. फोटोशॉप परवडत नसेल तर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे. पेन टॅबलेट मात्र घ्याच, माऊसनं हे काम होत नाही. फिल्टर वापरायचाच असेल तर फोटो आधी लहान करा. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोवर ऑइल पेंटचे फटकारे केसाएवढे येतात आणि प्रिंटमध्ये दिसतही नाहीत. शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, आधी करू नका. फिल्टरचा लेयर खाली ठेवून मास्कनं (थराचा नको तो भाग झाकायची सोय) निम्म्याहून जास्त पुसा आणि वरून स्वतः रंगवा. प्रिंट मॅट कॅनव्हासवर काढा, वर काच लावू नका.

एक राहिलंच. एका बटणात दुसऱ्या कुणाची तरी शैली फोटोवर चढवणारी ॲपं आहेत, त्यांबद्दल मी वरचं काहीच म्हणत नाही. ते चित्र घरात लावा, मजा घ्या, स्वतःची सही करून विकू नका. तिथे त्या सरांचा प्रश्न बरोबर आहे. आणि दुसऱ्याच्या फोटोवर त्याला विचारल्याशिवाय काम करू नका, मग कितीही दिवस बसलात तरी.

विकायचं असेल तर चित्राच्या मागे स्पष्ट लिहा: स्वतःच्या छायाचित्रावरून डिजिटल रंगकाम, कॅनव्हास प्रिंट. फाइल सपाट करून, म्हणजे सगळे लेयर्स एकात मिसळून, ठेवू नका, लेयर्ससकट ठेवा. मी आता प्रदर्शनाला लॅपटॉप घेऊन जाते आणि मूळ फोटो चित्राशेजारीच लावते, बाटल्या आणि वायरसकट. कुणी "हाताने केलंय का" विचारलं की एकेक लेयर बंद करत त्या पहाटेपर्यंत मागे नेऊन दाखवते. ते सर आले तर त्यांनाही दाखवणार आहे.