ख्रिस्ती तरुणाने हेवी मेटल ऐकावे का?

प्रश्न : माझा मुलगा बोरिवलीहून कॉलेजला जाताना लोकलमध्ये हेवी मेटल ऐकतो. आम्ही नियमित उपासनेला जाणारे कुटुंब आहोत. त्याला हे संगीत बंद करायला सांगावे का?
– एक आई, बोरिवली

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे, परंतु सरसकट बंदी घालावी असे मला वाटत नाही. कर्कश गिटार आणि ढोलांचा दणदणाट यांत मुळात पाप नाही, कारण स्तोत्र 150 मध्ये मोठ्या आवाजाच्या झांजांनीही देवाचे स्तवन करण्यास सांगितले आहे. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले, तेही एकेकाळी काहींना परकेच वाटले असणार. स्ट्रायपर या अमेरिकन बँडने तर 1980च्या दशकात हेवी मेटलच्याच शैलीत उघडपणे ख्रिस्ताची गाणी गायली आणि प्रेक्षकांत नवा करार वाटला.

खरा प्रश्न शब्दांचा आहे. काही बँड, विशेषतः नॉर्वेतील ब्लॅक मेटल या मेटलच्याच एका उग्र प्रकाराचे, ख्रिस्ती श्रद्धेचा उघड द्वेष करतात. 1990च्या दशकात त्या वर्तुळातील काहींनी चर्च जाळली. अशी गाणी मी कोणाही ख्रिस्ती तरुणाला ऐकू देणार नाही. इतर गाण्यांबाबत मात्र फिलिप्पैकरांस पत्र 4:8 मधील कसोटी लावावी : जे सत्य, आदरणीय आणि शुद्ध आहे त्याचेच मनन करावे. मुलासोबत बसून गीतांचे शब्द वाचा, आणि ती ऐकल्यावर त्याचे मन प्रार्थनेत रमते की चिडचिडे होते, हे त्यालाच विचारा.