औषधाची ‘सवय’ नेमकी कुणाला होते?

तुम्ही विचारलंय की जिवाणूंना पेनिसिलिनची सवय होते म्हणजे काय होतं, आणि मग डोस वाढवून का भागत नाही.

‘सवय’ या शब्दानंच घोटाळा होतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे नायट्रोसेफिन लावलेल्या पिवळसर चकत्या असतात. हे रसायन पेनिसिलिनचं भाऊबंदच. चकती ओली करायची आणि जिवाणूंची वसाहत काडीनं तिच्यावर घासायची. काही जिवाणू घासले तरी ती पिवळीच राहते, तर काहींमुळे बघता बघता लाल होते. औषधाचा रेणू मोडल्याची ती खूण. इतक्या वर्षांनंतरही तो लाल डाग दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम. जिवाणूची पेशीभित्तिका सांधणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, औषध या कड्यामुळे कायमचं चिकटून बसतं. भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. प्रतिरोधी जिवाणू बीटा-लॅक्टमेझ नावाचं वेगळं विकर बनवतो. ते पाण्याच्या एका रेणूच्या मदतीनं कडं फोडतं आणि लगेच पुढच्या रेणूसाठी मोकळं होतं. खरी गोम इथेच आहे. औषध संपतं, विकर संपत नाही. चपळ जातीच्या विकराचा एकच रेणू सेकंदाला हजारभर पेनिसिलिन रेणू निकामी करू शकतो. डोस दुप्पट केला तरी तो किती पुरणार?

अब्राहम आणि चेन या पेनिसिलिनवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी असं विकर १९४० मध्येच नोंदवलं होतं, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधी. म्हणजे हत्यार आधीपासूनच होतं. औषध दिलं की ते नसलेले जिवाणू मरतात, असलेले उरतात. या विकराचं जनुक बऱ्याचदा प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर असतं, त्यामुळे ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंकडेही जातं.

सगळीच विकरं औषध तोडत नाहीत. जेंटामायसिन या वेगळ्या प्रकारच्या प्रतिजैविकावर काही विकरं अ‍ॅसिटिल किंवा फॉस्फेटचा गट डकवतात, मग ते औषध रायबोसोमवर, म्हणजे जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, नीट बसतच नाही.

अ‍ॅमॉक्सिसिलिन या पेनिसिलिनच्याच कुळातल्या औषधाच्या जोडीला क्लॅव्हुलॅनिक आम्ल देतात ते बीटा-लॅक्टमेझला अडकवून ठेवायला. जस्ताच्या आधारानं चालणाऱ्या बीटा-लॅक्टमेझवर मात्र त्याचा उपयोग होत नाही. ही विकरं कार्बापेनेमसारखी, गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेली औषधंही फोडतात. तसा जिवाणू सापडला की अहवाल टाइप होईपर्यंत मी थांबत नाही, आधी वॉर्डात फोन करते.