चित्र तेच, आकार बदलला की रंग वेगळा का दिसतो?

प्रश्न : मी अभ्यासासाठी गाजलेल्या चित्रांच्या डिजिटल प्रतिमा जमवतो. यादीत अंगठ्याएवढी दिसणारी प्रतिमा आणि तीच पूर्ण पडद्यावर उघडलेली प्रतिमा यांच्या रंगांत मला फरक जाणवतो. विशेषतः निळे-जांभळे भाग लहान आकारात काळपट वाटतात. हा डोळ्यांचा भ्रम समजावा की फाइलमधला दोष?

उत्तर : दोन्ही कारणे खरी आहेत आणि ती सहसा एकत्रच येतात. आधी डोळ्याचे पाहू. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींपैकी (शंकुपेशींपैकी) निळ्या बाजूच्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी संख्येने सर्वांत कमी असतात आणि दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर त्या जवळजवळ नसतातच. शिवाय तेथील पिवळसर रंगद्रव्य निळा प्रकाश काही प्रमाणात शोषून घेते. त्यामुळे निळा डाग फार लहान झाला की काळपट आणि पिवळा डाग पांढुरका वाटू लागतो. रंगमापनाच्या शास्त्रानेही आकाराचा हा परिणाम मान्य केला आहे. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ साली ठरवलेला प्रमाण निरीक्षक (म्हणजे सरासरी डोळा रंग कसे पाहतो याचे ठरावीक आकडे) डोळ्याशी २ अंशांचा कोन करणाऱ्या क्षेत्रापुरता होता. मोठ्या क्षेत्रासाठी ते आकडे नीट जुळत नसल्याने १९६४ साली १० अंशांचा दुसरा प्रमाण निरीक्षक स्वीकारण्यात आला. हात ताणून धरलेल्या अंगठ्याची रुंदी साधारण २ अंश भरते.

शेजारच्या रंगाचाही वाटा आहेच. लहान प्रतिमेभोवती पांढरी जागा भरपूर असते आणि तिच्या तुलनेत चित्र अधिक गडद दिसते. दोन रंग शेजारी आले की परस्परांतला फरक ठळक होतो, हे शेव्हरुल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली सविस्तर मांडले होते. पण तेच रंग बारीक रेघांत किंवा ठिपक्यांत आले, तर नेमके उलटे घडते आणि एकाची छटा दुसऱ्यात मिसळल्यासारखी वाटते. म्हणजे चित्र लहान करताना एकाच जागेवरचा विरोध मिश्रणात बदलू शकतो, आणि त्यासाठी फाइलमधला एकही आकडा बदलावा लागत नाही.

आता फाइलकडे वळू. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यांचे ‘ला ग्रांद जात बेटावरील रविवारची दुपार’ (१८८४–८६) हे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील चित्र सुमारे ३ मीटर रुंद असून ते रंगांच्या लहान ठिपक्यांनी घडवलेले आहे. (त्यातले जस्तयुक्त पिवळे ठिपके काळानुसार तपकिरी पडले, ही गोष्ट निराळी.) हे चित्र ३०० पिक्सेल रुंदीत बसवले, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला कॅनव्हासचा सुमारे १ सेंटिमीटरचा चौकोन येतो आणि त्यातल्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी काढून एकच रंग ठेवावा लागतो. गोम या सरासरीत आहे. फाइलमधले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. ० आणि २५५ यांची साधी सरासरी १२८च्या आसपास येते, पण पडद्यावर खरोखर निम्मा प्रकाश हवा असेल तर आकडा सुमारे १८८ लागतो. बरीच सॉफ्टवेअर साधी सरासरीच काढतात. म्हणून शुद्ध लाल आणि शुद्ध हिरव्या ठिपक्यांचे दाट मिश्रण दुरून पाहिल्यास बऱ्यापैकी उजळ पिवळे दिसायला हवे, ते लहान प्रतिमेत मळकट शेवाळी होऊन बसते. एकसारख्या रंगवलेल्या आकाशात हा दोष उद्भवत नाही, कारण तिथे सरासरीला वेगळे आकडेच मिळत नाहीत. तिथेही फरक दिसला, तर लहान प्रत करताना मूळ फाइलचे रंगप्रोफाइल (फाइलमधल्या आकड्यांचा नेमका रंग कोणता, हे सांगणारी सोबतची नोंद) गळाले आहे का, हे पाहावे. विस्तृत रंगव्याप्तीची, म्हणजे नेहमीपेक्षा अधिक भडक रंगही सामावणारी फाइल प्रोफाइलशिवाय उघडली की रंग बहुधा फिके पडतात.

डोळा आणि फाइल यांचा हिशेब वेगळा करण्याची सोपी रीत अशी : लहान प्रतिमा ५ सेंटिमीटर आणि मोठी ४० सेंटिमीटर रुंद असेल, तर लहान प्रतिमा अर्ध्या मीटरवरून आणि मोठी ४ मीटरवरून पाहावी, दोन्हींभोवती सारखाच राखाडी रंग ठेवावा. आता दोन्ही डोळ्याशी सारखाच कोन करतात आणि दुरून ठिपक्यांची सरासरी प्रत्यक्ष प्रकाशातच होते. तरीही रंग जुळले नाहीत, तर दोष फाइलचा.

प्रश्न : मग लहान प्रतिमेचे रंग थोडे वाढवून ठेवावेत का?

उत्तर : मूळ फाइलला हात लावू नये. लहान प्रत प्रकाशाच्या सरळ प्रमाणात सरासरी काढणाऱ्या पद्धतीने करावी आणि रंगप्रोफाइल सोबत ठेवावे. एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. त्यानंतरही निळे भाग काळपट वाटले, तर केवळ त्या आकारासाठी केलेल्या प्रतीत ते किंचित उजळवायला हरकत नाही. मात्र ती प्रत कोणत्या आकारासाठी आहे हे तिच्या नावात लिहावे, कारण तीच पुढे कोणी मोठी करून पाहिली तर रंग भडक दिसतील.